पुरातलं पार्लर

आमच्या पार्लरताईबद्दल एक बातमी गेली काही वर्षं फिरते आहे आणि फिरता फिरता चांगली बाळसेदार झाली आहे. बातमी अशी, की पूर आला होता तेव्हा, लोकांच्या गाद्या आणि फ्रीज रस्त्यावरून तरंगत चालले होते तेव्हा, या बाईनं शाळेतल्या छावणीत चक्क दुकान थाटलं आणि भुवया कोरत बसली. भाजीवाल्याकडे ऐकाल तर ती बिस्किटाच्या एका पुड्यावर एक भुवई करत होती. इस्त्रीवाल्याकडे ऐकाल तर पुडे दोन. बँकेच्या रांगेत एका गृहस्थानं मला, म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या मला, छातीठोकपणे सांगितलं की होडीतून औषधं आली होती, ती हिनं परत पाठवली आणि मोठा आरसा मागवून घेतला.

आता खरं सांगते. आरसा शाळेचाच होता. बिस्किटं तिला कुणी दिली नाहीत, कारण ती आम्हीच खाऊन टाकली होती. पार्लर मात्र होतं, त्यात तिळमात्र खोटं नाही. फक्त तिथे भुवया कोरून घ्यायला फारसं कुणी येत नव्हतं. बायका यायच्या त्या लघवीला जाता यावं म्हणून.

झालं, लिहून टाकलं. लिहू का, असं मी तिला आधी विचारलं होतं. म्हणाली, "लिही बिनधास्त. पार्लर हा शब्द दिसला की पुरुष पान उलटतात."

तिचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. पुढच्या अर्ध्या भागात तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, मागच्या अर्ध्या भागात ती बायका दुरुस्त करते (वाक्य तिचंच), आणि मधे जाड निळा पडदा. पडद्याच्या अलीकडे इतकी शांतता की सेकंदकाटा ऐकू यावा. पलीकडे ताईचा आवाज. आमचे घड्याळभाऊजी कानात कापूस घालून बसतात असं मी म्हणते. ते म्हणतात, कापूस नाही हो, वयामुळे कमी ऐकू येतं. लग्नानंतर लगेचच वय झालं बिचाऱ्यांचं.

तिच्याकडची खुर्ची फुस्स करून खाली जाते, वर यायचं नाव घेत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक खाली आणि ताई वर, असा कायमचा मामला. त्या उंचीवरून ती वाट्टेल ते बोलते. "हा रंग कुणी लावला तुला? शत्रूनं?" किंवा, "केस गळतात म्हणे! गळणार नाहीत तर काय, डोक्यात सासू घेऊन झोपतेस." मऊसूत साध्वी वगैरे अजिबात नाही हं ती. वर स्वतःच्या रूपाचा तोरा आहेच. आणि क्रीम गळ्यात मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मी घेतलेल्या डबीत आता बटणं ठेवते.

पण तिच्या धंद्यातली एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. डोकं मागे टेकलेलं, डोळे मिटलेले, केसांत दुसऱ्या कुणाची तरी बोटं, अशा वेळी बाई बोलायला लागते. नवऱ्याशी, आईशी, डॉक्टरशी जे बोलली नसेल ते बोलते. ताईशी नव्हे, छताशी बोलते. ताई ऐकून घेते आणि पाणी टाकत राहते. मीही ऐकते, आमची भिंत पातळ आहे, त्याला माझा इलाज नाही.

तर पूर. सगळं गाव नदीकडे डोळे लावून बसलं होतं आणि पाणी आलं न्हाणीघराच्या जाळीतून, खालून, न सांगता. दुपारची जेवणं अर्धी टाकून आम्ही टेकडीवरच्या शाळेत गेलो. घाईत कुणी दागिने घेतले, कुणी कागदपत्रं. शेजारच्या आजोबांनी टीव्हीचा रिमोट घेतला. पार्लरताईनं तिची पेटी घेतली. कात्र्या, कंगवे, दोऱ्याची रिळं, केसांचा रंग. "हे घेऊन काय करणार आहेस?" असं भाऊजींनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही घड्याळ घेतलंत ना? मग झालं. वेळ तुम्ही बघा, बाकीचं मी बघते."

शाळेचे मुख्याध्यापक, म्हणजे आमचे हेडसर, छावणीचे प्रमुख झाले. माणूस वाईट नाही. उलट चांगला आहे, आणि चांगल्या माणसांचा त्रास हाच, की त्यांना अडवता येत नाही. त्यांनी बायकामुलींना एका बाजूचे वर्ग दिले, पुरुषांना समोरचा लांब व्हरांडा दिला, जेवणाची भांडी पटांगणात मांडली. स्वच्छतागृहं पटांगणाच्या पार टोकाला होती. तिथे पोचायचं तर पुरुषांच्या व्हरांड्यासमोरून सगळी वाट तुडवत जायचं. व्हरांड्यात दिवसभर पत्त्यांचे डाव चाललेले. दुसरं करायलाही काय होतं म्हणा त्यांना!

त्यात त्या स्वच्छतागृहांच्या दारांना आतून कड्या नव्हत्या. पूर्वी कधीतरी एक पोरगं आत अडकून रडलं होतं, तेव्हापासून शाळेनं आतल्या कड्याच काढून टाकल्या होत्या. बायकांनी कुरकुर केली, तशी हेडसरांनी लगेच व्यवस्था केली. दाराशी मोठा दिवा लावला आणि दंडाला पिवळी फीत बांधलेले स्वयंसेवक उभे केले. "भगिनींच्या सुरक्षेसाठी," ते म्हणाले. आता तुम्ही बाई आहात असं समजा. अख्ख्या व्हरांड्यासमोरून निघायचं, तिथे दोन तरणेताठे पोरगे उभे, ते आदबीनं म्हणणार, "या काकू, जाऊन या." आणि मग कडी नसलेल्या दाराआड, दिव्याच्या लख्ख उजेडात तुम्ही बसायचं, आणि बाहेर तुमची सुरक्षा खाकरत उभी. कोण जाईल?

आम्ही गेलो नाही. उपाय आपोआप सापडला, कुणी कुणाला सांगितलाही नाही. आम्ही पाणी पिणं सोडलं. वर्गात पाण्याचं पिंप भरून ठेवलेलं असायचं, ते भरलेलंच राहायचं. हेडसर येऊन बघायचे आणि खूश व्हायचे, "बघा, पाण्याची ददात नाही!"

पॅडही आली होती, खोकी भरभरून. पण ती मिळायची मेणबत्त्या आणि साबण वाटायच्या टेबलावर, आणि टेबलामागे कोण, तर शाळेचे ड्रॉइंग मास्तर. ते बिचारे मान खाली घालून, पण आवाज वर लावून विचारायचे, "हे कुणाला हवंय?" कुणालाच नको असायचं. शिंप्याची सातवीतली पोर एका घडी केलेल्या पोत्यावर सकाळपासून बसून होती. जेवायला उठेना. तिची आई म्हणायची, पोटात दुखतंय. आम्ही सगळ्या समजून होतो आणि सगळ्या गप्प होतो.

पार्लरताईला हे कळलं ते तिच्या पद्धतीनं, म्हणजे केसांतून. आमच्या वर्गात बेकरीवाली काकू तिच्या सुनेला घेऊन होती. सुनेला सातवा महिना. लाजरी, पण डोळ्यांत हुशारी असलेली मुलगी. संध्याकाळी ताई तिचे केस विंचरायला बसली, उगाच, वेळ जात नव्हता म्हणून. विंचरता विंचरता तिचा हात मानेला लागला आणि थांबला.

"तापलीयस की गं."

"नाही हो ताई, गर्मी आहे."

"ओठ बघ. सोललेत. पाणी कधी प्यायलीस?"

ताईनं पुन्हा कंगवा घातला, हळूहळू. मग ती मुलगी भिंतीकडे बघत बोलायला लागली. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं तर सासूला बरोबर न्यावं लागतं, आणि व्हरांड्यात सासरे बसलेले असतात, दीर असतो. त्या पिवळ्या फितीवाल्यांतला एकजण वाट दाखवतो म्हणून बॅटरी धरतो, पण ती वाटेवर धरत नाही, अंगावर धरतो. मग ती एकदाच जाते, पहाटे. आता जळजळ होते, कंबर धरते. सासूला सांगितलेलं नाही.

ताईचा कंगवा हातातच राहिला. मी पलीकडे बसले होते. तिचा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदाच रंगरंगोटीशिवाय पाहत होते, आणि तो भलताच गंभीर होता.

इथे ताईनं सगळ्यात मोठी चूक केली. तिला वाटलं, ओरडलं की काम होतं. दुकानात होतंच की! सकाळी हेडसर पटांगणात सगळ्यांना सूचना देत होते, व्हरांडा खच्चून भरला होता. तिथे जाऊन ती कमरेवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या या थाटामुळे बायका लघवीला जात नाहीत! बेकरीवाल्यांची पोटुशी सून तापलीय, तिला बघा आधी!"

बेकरीवाले काका पत्त्यांत तोंड खुपसून बसले. काकू तरातरा आली, सुनेच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "आमच्या सुनेला काही झालेलं नाही. आमच्या घरातल्या गोष्टींचा असा बाजार मांडायचं कारण नाही, बाई." सून मान खाली घालून, "मला काही होत नाहीये," असं म्हणाली. काय करणार?

हेडसरांनी मात्र मनावर घेतलं. चांगला माणूस ना! दुपारी कर्ण्यावरून घोषणा सुरू झाली, दर थोड्या वेळानं, अगदी गोड आवाजात: "सर्व महिलांनी निःसंकोचपणे स्वच्छतागृहाचा वापर करावा. धन्यवाद." शिवाय स्वयंसेवक वाढवले. त्यानंतर पहाटे जाणाऱ्या होत्या त्यांनीही आता जायचं नाही असं ठरवलं.

वर्गात सगळ्या ताईवर उखडल्या. "काय मिळवलंस बाई? होती नव्हती ती लाज घालवलीस." काकूनं तर आपली चादर उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेली आणि सुनेला भिंतीकडे तोंड करून निजवलं. ताई ऐकून घेत बसली. ती ऐकून घेते आहे हेच मला इतकं विचित्र वाटत होतं, की मी तिला चिमटा काढायला विसरले.

"तू बरोबरच बोललीस," मी शेवटी म्हटलं.

"बरोबर बोलून त्या पोरीचा ताप उतरला का?" ती म्हणाली. "बरोबर बोलण्यात मीच तेवढी मोकळी झाले."

मग तिनं दारातून बाहेर डोकावून पाहिलं. तिथे, बायकांच्या बाजूच्या ओळीत सगळ्यात शेवटी, विज्ञानाची प्रयोगशाळा होती. तिला कुलूप. आत पाण्याचे नळ, बेसिन, आणि मागच्या बाजूला एक दार, जे थेट शिक्षकांच्या स्वच्छतागृहापाशी उघडतं. त्या स्वच्छतागृहाकडे दुसरीकडून वाटच नव्हती. किल्ली हेडसरांच्या खिशात, कारण आत सूक्ष्मदर्शक होते आणि ते त्यांना जिवापेक्षा प्यारे. "आजारी बाईसाठी खोली द्या," असं मागितलं तर काय होईल हे ताईला आता कळून चुकलं होतं. समिती बसेल, चर्चा होईल, कर्ण्यावरून घोषणा होईल.

त्याच दुपारी कळलं की दुसऱ्या दिवशी कुणी मोठे साहेब होडीतून पाहणीला येणार, बरोबर नर्स येणार, फोटोही निघणार. ताई उठली आणि हेडसरांच्या बायकोकडे गेली. हेडबाई आमच्याच वर्गात होत्या, डोक्याला रुमाल बांधून. ताईनं रुमालाकडे बघून नुसतं एवढंच म्हटलं, "फोटोत येणार तुम्ही, वहिनी. केसांची पांढरी मुळं दिसायला लागलीत. पेटीत रंग आहे माझ्या. पण नळ असलेली खोली हवी."

तासाभरात किल्ली आली. हेडसर स्वतः द्यायला आले, हसत हसत. "घ्या ताई, थाटा पार्लर! जग बुडालं तरी तुम्हा बायकांचं नटणं काही सुटत नाही." व्हरांड्यात हशा पिकला. ताईही हसली. लाजल्यासारखं हसली, म्हणजे बघा! मी तिला लाजताना कधीच बघितलेलं नाही, त्यामुळे तिथेच मला संशय आला.

संध्याकाळच्या आत पुठ्ठ्याची पाटी लागली: "ब्यूटी पार्लर. फक्त महिलांसाठी." दाराला चादरीचा पडदा. आत कोपऱ्यात शाळेचा हाडांचा सांगाडा उभा होता, त्याच्या गळ्यात तिनं टॉवेल अडकवला. "हे आमचं जुनं गिऱ्हाईक, डाएट जरा जास्त झालं." घड्याळभाऊजींना बोलावून मागच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी बसवून घेतली. प्रयोगशाळेच्या कपाटाची कडी त्यांनी काढली आणि घड्याळाच्या चिमुकल्या स्क्रू-ड्रायव्हरनं इकडे बसवली, घाम पुसत, एक अक्षर न बोलता. काम झाल्यावर ती म्हणाली, "आता निघा. तुम्हीही पुरुषच." ते आज्ञाधारकपणे निघाले.

ड्रॉइंग मास्तरांच्या टेबलावरची खोकी मी स्वतः उचलून आणली. "पार्लरला कापूस लागतो," असं सांगितलं, तर मास्तरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी खोकी दारापर्यंत पोचवली. आत ती काचपात्रांच्या फळीवर उघडी ठेवली. मागायचं नाही, सांगायचं नाही, घ्यायचं आणि मागच्या दारानं जायचं. खिडकीशी दोरी बांधली, तिच्यावर पाळीचे धुतलेले कपडे वाळत पडले. बाहेरून दिसायचे ते पार्लरचे टॉवेल. आणि एक नियम: आत आलेल्या प्रत्येकीनं आधी काचपात्रभर पाणी प्यायचं. "गिऱ्हाईकाला पाणी विचारायची पद्धत आहे आमच्यात," ताई म्हणायची आणि ते रिकामं होईपर्यंत समोरून हलायची नाही.

गंमत बघा. स्वच्छतागृहाच्या वाटेवर जाताना ज्या बायकांचा जीव जात होता, त्याच बायका आता पुरुषांच्या देखत, नावं ठेवून घेत, सरळ पार्लरला जायला लागल्या. "चालल्या मुरडायला!" व्हरांड्यातून आवाज यायचा. "कुणासाठी गं, बेडकांसाठी?" यायचा तो आवाज आणि विरून जायचा. नटव्या म्हटलेलं आमच्या कातडीला सवयीचं आहे. त्यानं दुखत नाही. आणि पुरुष त्या दाराच्या आसपास फिरकायचे नाहीत, कारण पार्लरच्या दाराशी उभं राहिलेलं कुणी पाहिलं तर त्यांचीच चेष्टा. कर्णा, दिवा, पिवळ्या फिती यांना जे जमलं नाही ते त्या हसण्यानं केलं. बायकांच्या दारापासून पुरुष लांब राहिले.

शिंप्याची पोर आईच्या पाठी लपत आली. ताईनं तिचे केस धुतले, एक सैलशी वेणी घातली, आणि फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते वापरायचं कसं ते आतल्या भिंतीवर चित्र काढून ठेवलंय. चित्र वाईट आहे, हसू नकोस." चित्र खरंच इतकं वाईट होतं की पोर आतून हसत बाहेर आली.

हेडबाईंच्या डोक्याला रंग लावताना ताईनं बॅटरीवाल्याची गोष्ट छताला सांगावी तशी सांगितली. दुसऱ्या दिवशी तो पोरगा फितीशिवाय, भाताची मोठी पातेली घासताना दिसला, आणि छावणी संपेपर्यंत तिथेच दिसला. त्याच्या शेजारी एक थोराड आजी खुर्ची टाकून बसवली होती. कशाला, ते हेडसरांनी विचारलं नाही.

सगळं जमलं होतं, आणि जिच्यासाठी जमवलं ती काही आली नव्हती. बेकरीवाल्या काकूनं जाहीर केलं होतं, "त्या बाईच्या दारात आम्ही पाऊल ठेवणार नाही." सून भिंतीकडे तोंड करून पडलेली. सकाळी मी जवळ गेले तर तिचा श्वास लागत होता, हात कढत. काकू वारा घालत होती आणि माझ्याकडे असं बघत होती की पुढे एक पाऊल टाकण्याची माझी छाती झाली नाही.

मी ताईला जाऊन सांगितलं. वाटलं, आता ही जाऊन पाया पडणार. ती गेली आणि काकूच्या समोर उभी राहून, डोळे बारीक करून म्हणाली, "काकू, तुमच्या हनुवटीला केस आलेत. लांब आहेत. दुपारी फोटो निघणार आहे म्हणतात."

काकूचा हात आपोआप हनुवटीवर गेला. वर्गातल्या सगळ्यांचे डोळेही तिथेच गेले. काकू लालबुंद झाली. शिव्या घालेल असं वाटलं. पण हनुवटी ही हनुवटी असते. काकू उठली. "हिला एकटीला ठेवून येणार नाही," म्हणाली आणि सुनेला हाताला धरून उठवलं. हेच हवं होतं.

काकूला खुर्चीत बसवलं, मान मागे, दोरा ताणला. हनुवटीला दोरा लागला की माणसाला बोलता येत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. काकूच्या आयुष्यातली ती पहिलीच शांतता असावी. ताईनं केस काढताना इतका वेळ लावला, इतका वेळ लावला, की दाढीवाल्या बाप्याचंही तेवढ्यात उरकलं असतं. तेवढ्या वेळात मी सुनेला पाणी पाजलं, पुन्हा पाजलं, मागच्या दारानं नेलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग ती दाबून रडल्याचा आवाज आला, जळजळीनं. खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

काकूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं.

"दुखलं का?" ताईनं दोरा सैल केला.

"दोरा लागला," काकू म्हणाली. मग उठून बसली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "हिचं झालं की मलाही जायचंय." काकूही किती वेळ धरून बसली होती, देव जाणे. सून बाहेर आली, सासू आत गेली. कडी लागली.

दुपारी होडी आली. साहेब पटांगणात फोटो काढून घेत होते आणि ताईनं नर्सबाईंना गाठलं. "उन्हात केस पार वाळलेत तुमचे, दोन मिनिटं आत या." नर्सबाई म्हणाल्या, वेळ नाही. ताईनं त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या आत आल्या, पडदा पडला, आणि पुढचा अर्धा तास त्यांनी केसांना हात लावला नाही. सुनेला तपासलं, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले, आणि म्हणाल्या, होडीतूनच घेऊन जाते. लघवीच्या रोगाचा जंतू वर चढला तर अशा दिवसांत बाळ आधी येतं. अजून एक-दोन दिवस अंगावर काढलं असतं तर सांगता येत नव्हतं. काकू बरोबर गेली. व्हरांड्यातून काकांनी विचारलं, "काय झालं?" तर काकू म्हणाली, "काही नाही. पार्लरवालीनं हिला शहरात चांगला शॅम्पू सांगितलाय." एवढं बोलून ती होडीत चढली. तेव्हा मला ती काकू फार आवडली.

सुनेला भरल्या दिवसांची मुलगी झाली, बेकरीच्या पावासारखी गुबगुबीत. पाणी उतरलं, आम्ही घरोघर चिखल काढला, ताईची खुर्ची चिखलातून निघाली ती अजूनही खालीच जाते. आणि बातमी फिरत राहिली. ताईनं ती कधी खोडली नाही. मी खोडायला लागले की गप्प बस म्हणून माझाच पाय दाबायची.

यंदा पावसाच्या आधी हेडसरांनी शाळेत सभा बोलावली. त्यांना एव्हाना सगळं माहीत होतं; हेडबाईंच्या पोटात किती दिवस राहणार? ते उभे राहिले आणि मनापासून म्हणाले की आपण चुकलो, यापुढे ती प्रयोगशाळा बायकांसाठीच, आणि दारावर ताईच्या 'ब्यूटी पार्लर'ऐवजी मोठ्या अक्षरांत पाटी लावायची: महिला आरोग्य कक्ष. टाळ्या पडल्या. बेकरीवाल्यांची सून लेकीला कडेवर घेऊन उठली. आता ती भिंतीकडे बघून बोलत नव्हती.

"सर म्हणतात ते बरोबर आहे, ताई. पार्लरच्या नावाखाली किती दिवस लपायचं? आपण काय चोरी करतोय? खरी पाटी लावू या."

शेजारी काकू बसली होती. तिनं चटकन इकडेतिकडे पाहिलं, पुरुषांच्या बाजूला पाहिलं, आणि उगाचच मांडीवरचा पदर सारखा केला. मला त्या मुलीचं पटत होतं. काकूचं ते इकडेतिकडे पाहणंही दिसत होतं. कोण खरं, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझ्यासारखीला ठरवता येत नाही म्हणजे बघा.

पार्लरताईनं काकूकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग हेडसरांकडे. आणि म्हणाली:

"लाव की खरी पाटी, तुझ्या हातानं लाव. ज्या दिवशी तुझी सासू तिच्याखालून ताठ मानेनं आत जाईल, त्या दिवशी मी माझी काढीन. तोवर दोन्ही राहू देत. आणि सर, तुम्ही आपले बाहेर उभे राहून हसत जा."